सकाळी आठचं रक्त

"तुमचे आकडे तुमच्या चेहऱ्याशी जुळत नाहीत," परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुचित्राचा रिपोर्ट टेबलावर पालथा घातला.

सुचित्राला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. लालबागच्या चाळीत सून म्हणून पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला असं वाटायची सवयच लागते. चेहरा तर समोर होता, पुरीसारखा फुगलेला. दंडावर नाहीतर मांडीवर जरा काही लागलं की काळानिळा डाग पडायचा आणि कितीतरी दिवस जायचा नाही. केस विंचरले की फणी भरून निघायची. पूर्वी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चाळीचे जिने ती सहज चढायची, आता पहिल्याच वळणावर कठडा धरून खाली बसायची. गल्लीतल्या डॉक्टरने वर्षापूर्वी थायरॉईडची गोळी लावून दिली होती, तिने काडीचा फरक नव्हता. घरात मात्र निदान पक्कं झालं होतं. सुचित्रा हल्ली खाते आणि लोळते.

"रक्त द्यायला गेलात त्या दिवशी सकाळपासून काय काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काय काय केलं? गावाहून पाहुणे आले होते, त्यामुळे झोप अशी झालीच नव्हती. पहाटे पाणी आलं ते भरलं. डबे केले, सासूबाईंची अंघोळ उरकली, रोजची गोळी घेतली आणि मग धावत लॅब गाठली. तोपर्यंत अकरा वाजून गेले होते. हे सगळं सुचित्राने मोठ्या अभिमानाने सांगितलं. एवढ्या रगाड्यातूनही तपासणी चुकवली नाही, म्हणून बाई शाबासकी देतील असं तिला वाटलं.

"आणि केसांसाठी काही घेता?"

"गोळ्या घेते. जाऊबाईंनी दिल्यात. भारीतल्या आहेत."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कॉर्टिसोल हे हार्मोन सकाळी आठला बघायचं असतं. दिवसभरात ते उतरत जातं. झोप मोडली, धावपळ झाली की तेही हलतं. धापा टाकत अकरा वाजता दिलेल्या रक्तावरून मी काय सांगणार? त्यात त्या केसांच्या गोळीत एक जीवनसत्त्व असतं, ते मशीनलाच फसवतं. थायरॉईड नको तिथे चढलेलं दिसतं, नको तिथे उतरलेलं. हा रिपोर्ट तुमचा नाहीच. तुमच्या घराचा आहे."

मग त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. केसांच्या गोळ्या आजपासून बंद. आदल्या दोन दिवसांत अंगमेहनतीचं काम नाही. आदल्या रात्री पुरी झोप. सकाळी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. कुठलं मलम, कुठली पुडी, कुठलं इंजेक्शन चालू असेल तर आत्ताच सांगायचं. सोमवारी आठच्या आधी लॅबवर पोचायचं आणि थोडं शांत बसून मग रक्त द्यायचं.

"आणि मुख्य म्हणजे, मनावर ताण नको," त्या म्हणाल्या.

सुचित्राला हसूच फुटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं आणि पदर तोंडाला लावावा लागला.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही आमच्या चाळीत कधी राहिला नाहीत ना, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. "सुचित्राताई, मला ज्याची शंका आहे ते खरं निघालं, तर तो साधा आजार नाही. हाडं पोखरतो, साखर वाढवतो, बीपी वाढवतो. वेळेत सापडला तर उपाय आहे. पण तुम्ही पुन्हा असंच बिघडलेलं रक्त दिलंत, तर मी अंधारात चाचपडत राहणार आणि तुम्ही आणखी वर्षभर जिन्यात बसणार."

हे ऐकल्यावर सुचित्राचंही हसू पळालं. जिना उतरताना तिला जाणवलं की पोटात भीती आहे आणि भीतीच्या खाली राग आहे. हीच तपासणी तिने आधी दोनदा पुढे ढकलली होती. एकदा जाऊबाईंच्या भाचीच्या साखरपुड्यासाठी, एकदा गावच्या मंडळाच्या पूजेसाठी. शेवटी केली ती अशी. आता काय वाट्टेल ते होवो, सोमवार हलवायचा नाही, असं तिने परळ ते लालबाग चालता चालता ठरवून टाकलं.

घरी आली तर सासूबाई, गंगुबाई, खोलीभर वर्तमानपत्रं पसरून मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, पण जीभ आणि नजर शाबूत. उन्हाळा चालू होता. मसाल्याच्या गल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी मिरची आली होती, धने आले होते, गच्चीवर सगळ्याला ऊन दाखवून झालं होतं.

"रविवारी भाजूया गो," गंगुबाई म्हणाल्या. "धोंडू नि चंपा येतली. सोमवारी कांडूक डंकार देवया."

वर्षाचा मसाला म्हणजे या घरातलं मोठं कार्य. तो एका घराचा नसायचाच. इथला, नालासोपाऱ्याला राहणाऱ्या मोठ्या दिरांचा, म्हणजे धोंडूभावजी आणि चंपावहिनींचा, बदलापूरच्या नणंदेचा, शिवाय दिरांच्या शेजाऱ्यांनी खाऊन बघितला आणि आवडला म्हणून त्यांचाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत. आणि भाजणार कोण? सुचित्रा. तिच्या हातची मिरची काळी पडत नाही, धने कच्चे राहत नाहीत, असं सगळं खानदान सांगायचं. तारीफ करायला कोणाचं काय जातं! कढईपुढे दिवसभर ठसकत बसायची ती एकटीच.

सुचित्राने चपला काढल्या, माठातलं पाणी प्याली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. घरात सासूशी बोलायची भाषा मालवणीच होती.

"आये, ह्या वर्साक मी मसालो भाजूचंय नाय."

गंगुबाईंचा हात थांबला. "कित्या?"

"सोमवारी सकाळी रगात द्यावचा आसा. दोन दिवस जड काम करूचा नाय आणि झोप पुरी होया, असा डॉक्टरणीन सांगल्यान."

"मगे मंगळवारी दी. रगात खय पळान जाता?"

"मसालो तरी खय पळान जाता?"

इतक्या वर्षांत या खोलीत असं उत्तर कोणी ऐकलं नव्हतं. गंगुबाईंनी एक मिरची उचलली, तिचं देठ कडकन मोडलं आणि दुसरी घेतली. 

संध्याकाळी नवरा आला. हितेंद्र फोर्टातल्या एका कुरियर कंपनीत कामाला होता. माणूस चांगला, पण चांगुलपणा असा की आईलाही 'बरोबर आहे' म्हणायचं, बायकोलाही 'बरोबर आहे' म्हणायचं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभं राहायचं. त्याने दोन्हीकडचं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "बघ ना, रविवारी थोडंसंच भाज. बसून तर करायचंय. मग लवकर झोप."

"तू भाज ना बसून," सुचित्रा म्हणाली.

हितेंद्र गॅलरीत गेला.

मुलगी अक्षता तेवढी तिच्या बाजूची होती. लोअर परळच्या ऑफिसात नोकरी करणारी, रोखठोक. "मम्मी, तू अजिबात उठू नकोस. मी आहे," असं तिने ठासून सांगितलं. पण शनिवारी तिचं ऑफिस होतं, त्यामुळे शनिवारी सुचित्रा होती आणि गंगुबाई होत्या आणि मध्ये मिरच्यांचं पोतं होतं.

दिवसाढवळ्या खाटेवर पडून राहणं किती अवघड असतं ते तिला त्या दिवशी कळलं. अंग पडायला तयार होतं, मन उठबस करत होतं. नळावर कोण गेलं, गॅस कोणी चालू ठेवला, कपडे वाळले का. चाळीत दार बंद करायची पद्धत नाही, त्यामुळे गॅलरीतून जाणारी प्रत्येक बाई आत डोकावून जात होती. "बरं नाय काय गो?" एकीने विचारलं. "बरी आहे. झोपलेय," सुचित्राने उत्तर दिलं. बरी असून झोपलेली बाई बघायला मग आणखी दोघी आल्या. तिला लाज वाटली. मग आपल्याला लाज वाटते याचाच राग आला आणि तिने कूस बदलली. सगळ्यात नवल म्हणजे दुपारी तिला खरोखर डोळा लागला.

रविवारी सकाळी ती जागी झाली ती ठसक्याने. गंगुबाईंनी जमिनीवर शेगडी मांडली होती. पाय पसरून, भिंतीला टेकून, ऐंशीच्या घरातली म्हातारी कढईत मिरच्या परतत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पदराने पुसून ती पुन्हा परतत होती. हितेंद्र खिडकीशी उभा राहून केविलवाण्या नजरेने बायकोकडे बघत होता.

हा बाण मात्र वर्मी बसला. सुचित्राचे पाय खाटेवरून खाली आलेसुद्धा. म्हातारीला काही झालं तर? चाळ काय म्हणेल? सून पसरलीय आणि सासू धुरात बसलीय! आणि खरं सांगायचं तर तिला म्हातारीची दयाही आली, शिवाय मिरची जळत होती आणि तो वास सुचित्राला सहन होत नव्हता.

"आये, गॅस बंद करा. कोणी सांगल्यान तुमका?"

"कोणी सांगूक कशाक होया? घराक मसालो लागता," गंगुबाई कढईकडे बघतच म्हणाल्या.

"पप्पा, तुम्ही घ्या ना तिच्या हातातून!" अक्षता ओरडली.

"मला कुठे येतं?" हितेंद्र म्हणाला.

सुचित्राने पाय पुन्हा खाटेवर घेतले. हे तिने कसं केलं ते तिचं तिलाच माहीत. गुडघे छातीशी धरून ती बसून राहिली आणि मनाशी घोकत राहिली, जिन्यात बसायचं नाही, जिन्यात बसायचं नाही. थोड्या वेळाने अक्षताने आजीला काखेत धरून उठवलं, गॅस बंद केला आणि जळक्या मिरच्या कागदावर ओतल्या.

अशात धोंडू आणि चंपा येऊन पोचले. धोंडूभावजी म्हणजे घरातले कर्ते. गोदीतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. गावच्या देवळात वर्षाचं गाऱ्हाणं तेच घालायचे आणि मुंबईतही कोणाचं लग्न असो, बारसं असो, कोणाला नोकरी लागो न लागो, धोंडू राऊळ नारळ ठेवून देवापुढे उभे राहायचे. ते एकेक मागणं देवाला सांगणार आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देणार, अशी ती रीत. साथ नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही आणि एकदा साथ दिली की तो देवापुढचा शब्द झाला, असं गावाकडे मानतात.

भावजींनी जळक्या मिरच्या पाहिल्या, आईचे लाल डोळे पाहिले, खाटेवरची भावजय पाहिली.

"काय झाला सुचित्राक?"

"तपासणीची तयारी चालू आसा," गंगुबाईंनी उत्तर दिलं. तयारी हा शब्द त्यांनी असा उच्चारला की कोणी ऐकलं असतं तर तपासणी म्हणजे तमाशाच वाटला असता.

"माझ्या गोळ्या बंद केल्यास?" चंपावहिनींनी दुखावलेल्या सुरात विचारलं. "लोकांना किती गुण आलाय त्यांचा!"

"केसांना येत असेल, वहिनी. रक्ताला नाही आला."

धोंडूभावजींनी हात वर केला. वाद नकोत. हे काहीतरी वेगळं आहे, माणसाच्या हातातलं नाही. त्यांनी हितेंद्रला नारळ आणायला पिटाळलं, स्वतः हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढे पाट मांडला. चाळीत बातमी जायला वेळ लागत नाही. दारात शेजारीण मीनाक्षी येऊन उभी राहिली, तिच्यामागे तिचा नवरा, त्यांच्यामागे आणखी चारपाच डोकी. नारळ पाटावर ठेवून भावजींनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली आणि गॅलरी एका सुरात म्हणाली.

"आज ह्या लेकरान तुझ्यापुढे नारळ ठेयलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातली सून आडवी पडली आसा, म्हाराजा! तिच्या अंगात आळस भरलो आसा, कोणाची नजर लागली आसा, बाहेरचा काय आसा, ता खयच्या खय घालव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हाताऱ्या आवशीक चुलीपुढे बसूची पाळी आणू नको, म्हाराजा! सुनेक आताच्या आता उठव, आणि वर्साचो मसालो आज पुरो करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सुचित्रा ऐकत होती. आळस. देवापुढे, सगळ्या मजल्यादेखत, नारळ ठेवून आळस. आणि 'व्हय' म्हणणाऱ्यांत हितेंद्रचाही आवाज होता, तोही अगदी मनापासून. तिच्या कानशिलांत रक्त उसळलं. ताण घेऊ नका म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई. ठीक आहे, मॅडम, नाही घेत. ज्याचा आहे त्याला परत देते.

ती उठली. "उठली, उठली!" दारातून कोणीतरी कुजबुजलं. धोंडूभावजींनी डोळे किलकिले केले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गाऱ्हाणं इतक्या लवकर पावल्याचं त्यांनीही पाहिलं नव्हतं. ते नारळ उचलायला वाकणार तोच सुचित्राने पुढे होऊन नारळावर आपला हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा!" ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जन्मभराची सवय. हाक आली की तोंडातून ओ जाणारच.

"ही सुचित्रा तुझ्यापुढे उभी आसा, म्हाराजा! उद्या सकाळी आठाक तिका रगात द्यावचा आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तिका पोटभर झोप मेळू दे. ह्या घरात टीव्ही कोणी लावूचो नाय, मॅच कोणी बघूची नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हितेंद्र म्हणाला आणि म्हणून झाल्यावर दचकला.

"पहाटे पाणी येतला, ता तिच्या घोवान भरूचा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी गॅलरीतल्या बायकांचा आवाज जास्तच चढला.

"सुचित्रा!" धोंडूभावजी दबक्या आवाजात म्हणाले. "बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता."

तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. हात नारळावर, नजर देव्हाऱ्यावर.

"म्हातारेन चुलीपुढे बसूचा नाय, म्हाराजा! जे कोणी वर्सभर हो मसालो खातत, तेंनीच तो भाजूचो. थोरल्या भावान भाजूचो, धाकट्यान भाजूचो, आणि वैनीन धने निवडूचे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दारातून गर्जना झाली. मीनाक्षीचा नवरा तर टाळ्या वाजवायचाच बाकी होता, पण बायकोने वळून पाहिल्यावर तो गप्प झाला.

"आणि दुखण्याक जो कोणी आळस म्हणात," सुचित्राचा आवाज इथे जरासा फाटला, पण तिने तो सावरला, "तेका तूच काय ती अक्कल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिने हात काढला आणि बाजूला झाली. "फोडा, भावजी."

धोंडूभावजींच्या कपाळावर घाम आला. नारळ तोच. एकाच नारळावर दोन गाऱ्हाणी, एक त्यांचं, एक तिचं. न फोडता तसाच ठेवावा तर आपलंच गाऱ्हाणं अर्धवट राहतं. फोडावा तर तिचंही देवाकडे जातं. आणि साथ तर सगळ्यांनी दिली होती, त्यांच्या सख्ख्या भावाने, बायकोने, अगदी आईनेसुद्धा.

"ह्या गाऱ्हाण्याक अर्थ नाय," ते पुटपुटले.

"मगे तसा देवाक सांगा," सुचित्रा म्हणाली. "मी काय म्हणूचंय नाय."

तेवढी छाती त्यांची नव्हती. त्यांनी नारळ उचलला आणि उंबऱ्याबाहेर फोडला. बरोबर दोन वाट्या झाल्या, खोबरं पांढरंशुभ्र. गॅलरीत कोणीतरी 'वा' म्हटलं. सुचित्राने प्रसाद घेतला, खाटेवर जाऊन पडली आणि अंगावर चादर ओढली.

त्या दुपारी राऊळांच्या खोलीत जे झालं ते बघायला वरच्या मजल्यावरचेही येऊन गेले. गोदीत उभी हयात काढलेले धोंडूभावजी बनियनवर बसून मिरच्या परतत होते आणि दर मिनिटाला शिंकत होते. हितेंद्र दगडफूल आधी की बडीशेप आधी, यावर मोबाईलवर शोधाशोध करत होता. गंगुबाई खुर्चीत बसून शिव्या घालत होत्या. "अरे मेल्या, हलव! हलव म्हणतंय ना!" ठसका सगळ्यांनाच लागत होता. सुचित्राने उशी उचलली, मीनाक्षीच्या खोलीत गेली आणि तिथे झोपली. संध्याकाळी परत येऊन जेवली आणि पुन्हा झोपली. मॅच कोणी लावली नाही.

सोमवारी आठच्या आधी ती लॅबच्या बाकावर बसलेली होती. पहाटे बादल्यांचे आवाज आले होते, पण ती उठली नव्हती. बाकावर तिच्याशेजारी कोणी बसलं नव्हतं, फोन बंद होता आणि पोट रिकामं होतं. सुई टोचताना लॅबमधल्या मुलीने विचारलं, "झोप नीट झाली ना?" सुचित्रा म्हणाली, "झाली. भांडून मिळवली."

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट बराच वेळ वाचला.

"आता हे आकडे तुमचे आहेत," त्या म्हणाल्या. "थायरॉईड मंद आहे, गोळीचं प्रमाण वाढवावं लागेल. आणि कॉर्टिसोल जास्त आहे, माझी शंका होती तसं. एवढ्यावर नाव देता येत नाही. अजून तपासण्या करू, स्कॅन करू. पण एक सांगते, तुम्हाला आजार आहे."

घाबरायला हवं होतं, आणि ती घाबरलीही. पण त्याआधी तिला रडू आलं ते सुटकेचं. आजार आहे. आळस नाही, खादाडपणा नाही, वयाची नाटकं नाहीत. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सुचित्रा रडतच म्हणाली, "मॅडम, हे एकदा मोठ्याने बोला ना." बाईंनी पुन्हा सांगितलं.

घरी आली तेव्हा दुपार होती. हितेंद्र आणि अक्षता कामावर गेले होते. गंगुबाई एकट्याच देव्हाऱ्याजवळ बसल्या होत्या. सुचित्रा जिना चढून दमली होती, ती सरळ खाटेवर आडवी झाली.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"आजार आसा म्हणाली. मोठो. अजून तपासूचा आसा."

गंगुबाईंनी खाटेकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाल्या, "बरी होतलस मा?"

"व्हतलंय. वेळेर कळला म्हणान."

  म्हातारीने पदराने नाक पुसलं. "आणि आमी तुका वर्सभर आळशी म्हटलव ता?"

सुचित्राला सहज म्हणता आलं असतं, जाऊ दे आये, त्यात काय. जिभेवर आलंही होतं, तेही सवयीनेच. तिने ते गिळलं.

"ता माका कित्या सांगतास?" ती म्हणाली. "देवाक सांगा."

गंगुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीला हात लावून, गुडघे कुरकुरत असताना, त्या उठायला लागल्या. सुचित्रा मदतीला उठली नाही. म्हातारी देव्हाऱ्यापुढे उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले. जन्मात कधी केलं नव्हतं ते करायला तिला शब्द सापडत नव्हते.

"बा देवा म्हाराजा," ती कशीबशी म्हणाली. "ही सून दुखण्यान पडली होती. आणि आमी तिका आळशी म्हटलव, म्हाराजा."

आणि ती थांबली. साथ द्यायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

सुचित्रा खाटेवर पडूनच, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"